देशाचं स्वातंत्र्य आणि ख्रिस्ती सेवा: आमच्या गटाने केलेल्या स्टडी कोर्सचा सविस्तर रिव्ह्यू

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते, कोर्स घेण्यासारखा आहे, पण एकट्याने इअरफोन लावून ऐकायचा असेल तर घेऊ नका, अर्धा फायदा तिथेच जाईल. चार-पाच जणांचा तरी गट पाहिजे आणि त्यात निदान एक जण असा पाहिजे जो दर वेळी विचारेल की बरं, मग या आठवड्यात कोणासाठी काय केलं. पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते खाली लिहिलंय.

कोर्सचं नाव मुद्दाम टाकलं नाहीये. या विषयावर बरंच साहित्य मिळतं, काही फ्री, काही विकत, आणि मला कोणाची जाहिरातही करायची नाही नि कोणाला पाडायचंही नाही. असा कोर्स निवडताना आत काय असायला पाहिजे आणि आम्हाला त्यातलं कितपत मिळालं, एवढंच सांगायचंय.

विषय असा की देश स्वतंत्र आहे, कायद्याने आपल्याला उपासना करता येते, एकत्र जमता येतं, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडपणे वाचता येतं, मुलांना विश्वास शिकवता येतो, तर या मोकळीकीचं ख्रिस्ती माणसाने करायचं काय? राष्ट्रीय दिनाच्या जवळच्या रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आभाराची प्रार्थना होते, देशाच्या पुढाऱ्यांसाठी प्रार्थना होते, तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तसं सांगितलेलंच आहे, आणि मग विषय वर्षभर बंद. आभार मानायलाच पाहिजेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण आभार मानून झाल्यावर सोमवारी सकाळी काय, हा प्रश्न मला खूप वर्षं पडत होता आणि त्याचं उत्तर शोधणारं साहित्य आपल्याकडे कमीच सापडतं.

कोर्समध्ये आठ धडे आहेत. प्रत्येकाचा अर्ध्या तासाच्या आसपास ऑडिओ, सोबत वर्कबुक, लीडरसाठी वेगळी पुस्तिका, आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी गटाने मिळून करायचं एक काम.

पहिला धडा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकावर, म्हणजे इस्राएली लोक मिसरच्या दास्यातून सुटले त्यावर आहे आणि मला वाटलं होतं की तेच नेहमीचं ऐकायला मिळणार, तांबडा समुद्र, फारो, सुटका. पण शिकवणाऱ्याने सुटकेच्या प्रसंगावर फार वेळ घालवलाच नाही, तो थेट सुटकेनंतरच्या नियमांवर गेला आणि तिथे खरी मजा आली. मिसरमध्ये ज्यांना एक दिवस सुट्टी नव्हती त्या लोकांना देवाने शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, दिला, आणि ती आज्ञा नीट वाचली तर लक्षात येतं की सुट्टी फक्त मालकाला नाहीये, दासाला आहे, दासीला आहे, गुराढोरांना आहे, वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यालाही आहे. म्हणजे स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने पहिली गोष्ट काय करायची, तर आपल्याला मिळालेला विसावा आपल्या हाताखालच्या माणसालाही द्यायचा. मग बायबलमधल्याच अनुवाद या पुस्तकाचा पंधरावा अध्याय. सातव्या वर्षी दासाला मोकळं कराल तेव्हा रिकाम्या हाताने पाठवू नका, कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं भरभरून द्या, कारण तुम्हीसुद्धा मिसरमध्ये दास होता हे आठवा. हे वचन मी किती वेळा वाचलं असेल, पण मोकळं सोडणं वेगळं आणि पायावर उभं राहता येईल असं सोडणं वेगळं, हे इतक्या स्पष्टपणे कोणी समजावून सांगितलं नव्हतं. त्याला जोडूनच लेवीय या पुस्तकातलं वचन येतं, परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा कारण तुम्ही मिसरमध्ये परके होता. म्हणजे आपण काय भोगलं होतं याची आठवण हेच दुसऱ्याशी चांगलं वागण्याचं कारण. या एका धड्यावर आमची चर्चा इतकी लांबली की दुसरा धडा पुढे ढकलावा लागला.

दुसरा धडा प्रेषित पौलाने गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांना लिहिलेल्या गलतीकरांस पत्रावर, आणि माझी मुख्य तक्रार इथेच आहे. पाचव्या अध्यायातलं तेरावं वचन सगळ्यांना माहीत असतं, तुम्हाला स्वतंत्र व्हायला बोलावलंय पण ती स्वतंत्रता देहवासनांसाठी वापरू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. आता पौल इथे कुठल्याही देशाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलत नाहीये. गलतीयातल्या मंडळीत काही लोक येऊन सांगत होते की ख्रिस्तावर विश्वास ठेवलात ते ठीक, पण सुंता केल्याशिवाय, नियमशास्त्र पाळल्याशिवाय काही खरं नाही, आणि पौल त्यावर चिडून लिहितोय. ती पार्श्वभूमी कोर्सने दोन-तीन मिनिटांत उरकली आणि लगेच देशभक्तीवर उडी मारली. हे चुकीचं आहे, आणि छोटी चूकही नाहीये ही. देशाचं स्वातंत्र्य कायद्याने मिळतं, सरकार बदललं की ते कमीजास्त होऊ शकतं, काढूनही घेतलं जाऊ शकतं. ख्रिस्तातलं स्वातंत्र्य तसं नाही, पौलाने स्वतः तुरुंगात बसून पत्रं लिहिली आणि तिथेही तो मोकळाच होता. आज जगात कितीतरी विश्वासणारे असे आहेत की ज्यांना पहिलं स्वातंत्र्य अजिबात नाही पण दुसरं पूर्ण आहे, आणि पहिलं भरपूर असून दुसरं नसलेले लोकही आपल्याला आजूबाजूला दिसतातच. ही दोन एकच समजली की माणूस देशाच्या झेंड्याला वधस्तंभाच्या जागी बसवतो, आणि मग देशावर केलेली कुठलीही टीका त्याला विश्वासावरचा हल्ला वाटायला लागते. माझ्या मते त्यांचं नातं असं आहे की दुसऱ्या स्वातंत्र्याने शिकवायचं की पहिलं कशासाठी वापरायचं. कोर्स पुढे जाऊन हे बरोबर पकडतो, पण या धड्यात नाही. लीडरने इथे स्वतः तयारी करून यावं, गलतीकरांस पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचावं, सहाच अध्याय आहेत, आणि सोबत पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय घ्यावा, जिथे स्वतंत्र माणसांसारखे राहा पण स्वातंत्र्याआड दुष्टपणा झाकू नका असं सांगितलंय. तेही रोमन सत्तेखाली राहणाऱ्या, ठिकठिकाणी विखुरलेल्या लोकांना!

तिसरा धडा मात्र फारच आवडला. पौलाने आपलं रोमन नागरिकत्व कसं वापरलं यावर पूर्ण धडा आहे, आणि असा विचार मी कधी केलाच नव्हता. फिलिप्पै या शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता फटके मारले, तुरुंगात टाकलं, सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की सोडून द्या, तेव्हा पौल म्हणतो की आम्ही रोमन आहोत, आम्हाला उघडपणे मारलं आणि आता गुपचूप घालवून देता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. आता फटके तर खाऊन झाले होते, मग हा हट्ट कशाला? कोर्समध्ये शिकवणाऱ्याचं म्हणणं असं की पौल आणि सीला पुढच्या गावाला निघून जाणार होते, पण तिथे नव्याने विश्वासात आलेले लुदिया नावाची बाई, तुरुंगाचा अधिकारी आणि त्याच्या घरचे तिथेच राहणार होते, आणि अधिकारी एकदा घाबरले की त्या नव्या मंडळीला त्रास द्यायला दहा वेळा विचार करतील. मजकुरात हे असं शब्दशः लिहिलेलं नाही हेही त्याने सांगितलं, ते मला आवडलं. पण प्रसंग वाचला तर पटतं. पुढे यरुशलेमात फटके मारायच्या आधीच तो नागरिकत्व सांगतो, आणि नंतर कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागतो. म्हणजे हक्क सोडून देणं हीच नम्रता असं नाही, कधी कधी हक्क मागणं हीच मागे राहणाऱ्यांची सेवा असते. आणि हाच पौल करिंथकरांना लिहितो की मी सगळ्यांपासून मोकळा असून सगळ्यांचा दास झालो. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचा, बघा काय होतं ते.

चौथा धडा इतिहासाचा. गटातल्या एक-दोघांनी इतिहास म्हटल्यावर नाक मुरडलं होतं पण संपल्यावर त्यांनीच परत लावायला सांगितला. पहिली तीनशे वर्षं मंडळीला रोमन साम्राज्यात कायदेशीर जागा नव्हती, मधूनमधून छळ व्हायचा. ३११ मध्ये सम्राट गॅलेरियसने छळ थांबवण्याचा हुकूम काढला आणि ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या सम्राटांनी मिलानमध्ये ठरवलं की ख्रिस्ती लोकांना आणि इतर सगळ्यांनासुद्धा आपापल्या पद्धतीने भक्ती करायची मोकळीक असेल. मग मोकळीक मिळाल्यावर मंडळीने काय केलं? इथे धड्याचे दोन भाग होतात आणि दोन्ही ऐकायलाच पाहिजेत.

पहिला भाग म्हणजे बेसिल. हा आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पदुकिया भागातल्या कैसरियाचा, श्रीमंत घरातला, ३७० मध्ये तिथला बिशप झाला. त्याच्या आधीच तिथे मोठा दुष्काळ पडला होता, धान्य साठवून ठेवणाऱ्या श्रीमंतांना त्याने उपदेशातून चांगलंच सुनावलं आणि लोकांच्या जेवणाची सोय लावली. मग गावाबाहेर त्याने एक मोठी जागाच उभी केली, आजाऱ्यांसाठी वैद्य, प्रवाशांसाठी राहायची सोय, गरिबांसाठी निवारा, आणि ज्यांना घरातून बाहेर काढलं जायचं अशा कुष्ठरोग्यांची काळजी. इतिहासकार त्याला सुरुवातीच्या हॉस्पिटलांपैकी एक मानतात. रोममध्ये ३९० च्या सुमारास फॅबिओला नावाच्या श्रीमंत बाईने असंच काम सुरू केलं आणि ती स्वतः रुग्णांची सेवा करायची. याच्या थोडं आधी ज्युलियन नावाचा सम्राट होऊन गेला, त्याला ख्रिस्ती धर्म मागे हटवून जुने देव परत आणायचे होते, आणि तो आपल्या एका पुजाऱ्याला लिहितो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्या गरिबांना तर सांभाळतातच, वर आपल्याही गरिबांना सांभाळतात आणि आपल्याला लाज आणतात. विरोधकाने दिलेली ही साक्ष! आमच्या गटात यावर कोणीतरी विचारलं की आज आपल्या मंडळीबद्दल बाहेरच्या माणसाला विचारलं तर तो तक्रार म्हणून का होईना पण असं काही म्हणेल का, आणि बराच वेळ कोणाला उत्तर देता आलं नाही.

दुसरा भाग ऐकायला जड जातो. त्याच शतकात, ३८० मध्ये ठरावीक ख्रिस्ती शिकवण हाच साम्राज्याचा धर्म असा हुकूम निघाला, पुढे जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आली, आणि ३८५ च्या आसपास प्रिसिलियन नावाच्या बिशपला त्याच्या शिकवणीवरून उठलेल्या वादात, दुसऱ्या बिशपांच्या तक्रारीनंतर, ट्रियर इथे मृत्युदंड दिला गेला. ज्यांचे आजीआजोबा विश्वासासाठी तुरुंगात गेले होते त्यांच्याच नातवंडांच्या काळात हे झालं. तूर इथला बिशप मार्टिन या शिक्षेच्या विरोधात उभा राहिला होता हेही कोर्सने सांगितलंय. मला हे फार महत्त्वाचं वाटलं, कारण आपल्याकडचं बरंच साहित्य बेसिलपाशी थांबतं आणि टाळ्या घेतं. स्वतःला मिळालेली मोकळीक दुसऱ्यालाही मिळावी असं वाटत नसेल तर हॉस्पिटल बांधूनही काहीतरी मोठं हुकलंय, असं माझं ठाम मत आहे आणि गटात दोघांना ते पटलं नाही तरी मी ते बदलणार नाही.

पाचवा धडा गुलामगिरीवर. गुलामगिरीविरुद्ध लढलेला ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स अर्थातच आहे, १८०७ चा गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा, १८३३ चा गुलामगिरी रद्द करणारा कायदा, सगळं नीट सांगितलंय पण यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते हे की त्याच १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून शास्त्रातले निवडक भाग छापले गेले आणि त्यातून मिसरमधून सुटकेची गोष्ट गाळली होती, ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही हे गलतीकरांसमधलं वचनही गाळलं होतं, पण दासांनो धन्यांच्या आज्ञा पाळा हे ठेवलं होतं. ऐकून अंगावर काटा आला. म्हणजे छापणाऱ्यांना नीट ठाऊक होतं की या पुस्तकात कुठली पानं माणसाला उभं करतात. त्यानंतर अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मलेली हॅरिएट टबमन येते. १८४९ मध्ये ती गुलामगिरीतून निसटली, गुलामगिरी नसलेल्या राज्यात पोचली, आणि तिथे शांत बसू शकली असती. ती परत गेली, पुन्हा पुन्हा गेली, आणि जवळपास ७० माणसांना बाहेर काढलं, पकडली गेली असती तर काय झालं असतं हे माहीत असून. तिचा प्रार्थनेवर फार विश्वास होता. मिळालेलं स्वातंत्र्य कशासाठी वापरायचं याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि कोर्सने तिला जेमतेम पाच मिनिटं दिलीत, पूर्ण धडा द्यायला हवा होता.

सहावा धडा फ्रान्समधल्या ल शांबों या डोंगरातल्या गावावर. तिथले लोक प्रोटेस्टंट, त्यांच्या पूर्वजांनी राजांच्या काळात छळ सोसलेला, १६८५ मध्ये त्यांची कायदेशीर मोकळीक काढून घेतली होती आणि शंभर वर्षं लपूनछपून उपासना चालली होती. १९४० मध्ये फ्रान्स हरला, शरणागतीचा करार झाला, आणि दुसऱ्याच दिवशी तिथले पाळक आंद्रे त्रोकमे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेइस यांनी मंडळीला सांगितलं की जबरदस्तीला आत्म्याच्या शस्त्रांनी विरोध करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे. मग पळून आलेले ज्यू लोक दाराशी यायला लागले आणि गावाने, आजूबाजूच्या वस्त्यांनी त्यांना घरात घेतलं, शेतावर ठेवलं, मुलांना शाळेत घातलं, खोटी कागदपत्रं करून दिली. पाळकांचा नातेवाईक डॅनियल त्रोकमे मुलांच्या वसतिगृहाचं काम बघायचा, त्याला मुलांबरोबर पकडून नेलं आणि तो मायदानेकच्या नाझी छावणीत मरण पावला. देशाचं स्वातंत्र्य गेलेलं असताना या लोकांनी हे केलं! दुसऱ्या धड्यातला गोंधळ इथे आपोआप सुटतो, कोणतं स्वातंत्र्य कुठून येतं ते इथे डोळ्यांनी दिसतं. म्हणूनच माझा सल्ला आहे की दुसऱ्या धड्यानंतर लगेच सहावा घ्या आणि मग तिसऱ्याकडे वळा. मुलांसाठी कागदपत्रं करताना खोटं बोलणं बरोबर की चूक यावर आमच्यात जोरदार वाद झाला, बाळांना वाचवायला मिसरच्या राजाला खरं न सांगणाऱ्या शिफ्रा आणि पुआ या सुइणींपर्यंत गाडी गेली, आणि असा वाद व्हायलाच पाहिजे असं मला वाटतं.

सातवा धडा कायद्याचा, जरा कोरडा आहे. १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, त्यातलं अठरावं कलम म्हणजे विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य, धर्म बदलायचंसुद्धा, एकट्याने किंवा इतरांबरोबर, खाजगीत किंवा उघडपणे पाळायचंसुद्धा. मसुदा करणाऱ्यांमध्ये लेबनॉनचे चार्ल्स मलिक हे ख्रिस्ती विचारवंत होते. एकोणतिसाव्या कलमात समाजाप्रती कर्तव्यंही आहेत हे कोणी सांगत नाही, कोर्सने सांगितलं, बरं केलं. बाकी हा धडा घरी ऐकून आलात तरी चालेल.

आठव्या धड्यासाठी मी हा सगळा कोर्स परत घेईन. विषय असा की सेवा कोणत्या पद्धतीने करू नये. मदतीच्या बदल्यात चर्चला या, मदतीच्या आधी प्रार्थनेला बसा, मदत घेतानाचा फोटो काढू द्या, असली मदत ही प्रीती नाही, तो व्यवहार आहे, आणि समोरच्याला ते पहिल्या मिनिटात कळतं. लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी घेतलेत. दहाही बरे झाले, परत येऊन आभार मानणारा एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानायचे त्यांच्यातला. प्रभूने विचारलं की बाकीचे नऊ कुठे आहेत, पण त्या नऊ जणांचं बरं होणं काढून घेतलं नाही. त्यांना मिळालं ते त्यांचंच राहिलं. आणि दुसऱ्या बाजूने कोर्स हेही सांगतो की विश्वास लपवायचीही गरज नाही, कोणी विचारलं की तुम्ही हे का करता तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, पेत्राने तसंच सांगितलंय. विचारल्यावर सांगणं आणि न विचारता लादणं यातला फरक या धड्याने इतका चांगला उलगडलाय की प्रत्येक मंडळीच्या सेवाकार्य कमिटीला हा एक धडा तरी ऐकवायला पाहिजे. लूकच्याच बाविसाव्या अध्यायातलं वचनही इथे येतं, राष्ट्रांचे राजे त्यांच्यावर सत्ता गाजवतात आणि उपकारकर्ते म्हणवून घेतात, तुमच्यात तसं नको. उपकारकर्ते म्हणवून घ्यायची हौस आपल्यातही किती आहे, बोर्डावर नाव, स्टेजवर सत्कार.

आता कामांबद्दल. प्रत्येक धड्याच्या शेवटी जे काम दिलंय त्यातली काही फारच वरवरची आहेत, देशासाठी एक प्रार्थना लिहा, झेंड्याच्या रंगांचं कार्ड बनवा, मोठ्या माणसांना हे कशाला? पण काही कामं खरंच चांगली आहेत. एक असं होतं की तुमच्या हाताखाली किंवा तुमच्या घरी काम करणाऱ्या माणसाला विसाव्याचा दिवस मिळतो का ते बघा, आणि मिळत नसेल तर पगार न कापता द्या. यावर गटात शांतता पसरली होती, पण दोन घरांत खरंच बदल झाला. दुसरं काम असं की मदत द्यायच्या आधी जाऊन फक्त विचारा की तुम्हाला काय लागतंय. आम्ही कपडे गोळा करायचं ठरवून बसलो होतो आणि ज्यांना विचारलं त्यांनी कपडे मागितलेच नाहीत, त्यांना कागद वाचून दाखवणारं आणि फॉर्म भरून देणारं माणूस हवं होतं. आमच्यातल्या एका काकांनी आयुष्यभर ऑफिसात फायलीच हाताळल्यात, ते प्रार्थनेतही मोठ्याने बोलत नाहीत, पण त्यांनी हे काम उचललं आणि आता त्यांच्याकडे कोण कुठल्या धर्माचं आलंय हे ते विचारतही नाहीत, फक्त कागद बघतात, चष्मा लावतात आणि बसतात. अजून एक काम म्हणजे हॉस्पिटलमध्ये ज्याच्याजवळ घरचं एकच माणूस आहे अशा पेशंटजवळ रात्री थांबणं, म्हणजे घरच्या माणसाला झोप मिळेल. यासाठी आधी हॉस्पिटलची परवानगी घ्या, कोर्सने ते लिहिलेलं नाही, लिहायला हवं होतं.

ऑडिओ आणि पुस्तिकांच्या दर्जाबद्दल थोडक्यात. ऑडिओत बोलणाऱ्याचा आवाज छान आहे पण पाठीमागचं संगीत मोठं आहे, वयस्कर लोकांना शब्द नीट ऐकू येत नाहीत, आम्हाला एकदा थांबवून थांबवून ऐकावं लागलं. डाउनलोडची सोय नाही, नेट गेलं की धडा गेला. वर्कबुकमध्ये लिहायला जागा कमी, आणि लीडरच्या पुस्तिकेत प्रश्नाखालीच उत्तर छापलंय त्यामुळे नवीन लीडर ते वाचून दाखवतो आणि चर्चा तिथेच मरते, उत्तरं शेवटच्या पानावर टाकली असती तर बरं झालं असतं. आम्ही हे सगळं कळवलं तर लगेच उत्तर आलं आणि ऑडिओची संगीत नसलेली फाइल पाठवून दिली, त्याबद्दल त्यांचं कौतुक.

एक स्टार कापला तो मुख्यतः दुसऱ्या धड्यासाठी. बाकी तक्रारी सहन होण्यासारख्या आहेत, पण देशाचं स्वातंत्र्य आणि ख्रिस्ताने दिलेलं स्वातंत्र्य यांची सरमिसळ ज्यांनी एवढा चांगला आठवा धडा बनवला त्यांच्याकडून व्हायला नको होती, म्हणून जास्त लागलं.

कोणी घ्यावा? तरुण संघ, घरगुती प्रार्थना गट, सेवाकार्य कमिट्या, यांनी जरूर घ्यावा. नव्याने विश्वासात आलेल्यांना इतिहासाचे धडे थोडे जड जातील, त्यांच्यासोबत जुना जाणता माणूस बसवा. संडे स्कूलच्या लहान मुलांसाठी हा नाही. ख्रिस्ती नसलेल्या मित्रमैत्रिणींना बोलवायचं असेल तर चौथा आणि सहावा धडा ऐकवा, आमच्याकडे एक जण आले होते आणि प्रिसिलियनचा भाग ऐकून म्हणाले की तुम्ही स्वतःचं हेही सांगता म्हणून बाकीचं खरं वाटतं. आणि घेणार असाल तर वर्कबुक माणशी एक घ्या, दोघांत एक चालत नाही, कारण शेवटच्या पानावर ज्या माणसासाठी काम करायचं त्याचं नाव प्रत्येकाने आपापलं लिहायचं असतं आणि ते कोणी मोठ्याने वाचत नाही.